मोठ्या आवाजातलं संगीत, ॲम्पची धमधम आणि ऑर्किडच्या गळणाऱ्या कळ्या

पानोपानी (शनिवार, सकाळ)

माझ्याकडे पांढऱ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडचं एक झाड आहे, चार वर्षांचं. दर वर्षी एक फुलदांडा काढतं, यंदा दोन काढले. एकावर नऊ कळ्या, दुसऱ्यावर सहा. सकाळी उठलं की आधी त्या मोजायच्या, मग बाकीची कामं, असं गेले दीड महिना चाललंय.

मागच्या रविवारी मोठ्या दांड्याच्या टोकाकडची एक कळी पिवळसर दिसली. नुसता हात लागला आणि ती देठासकट बोटांत आली. मंगळवारी दोन गळल्या, काल आणखी दोन. पाण्याचं वेळापत्रक बदललेलं नाही, खिडकी तीच, पूर्वेची. पानं टणक आणि हिरवीगार आहेत, कीड दिसत नाही.

बदल एकच. माझा मुलगा बेस गिटार शिकतो आणि दोन महिन्यांपूर्वी त्याच्यासाठी मोठा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी, आला. तो ठेवलाय पुस्तकांच्या लाकडी मांडणीच्या खालच्या फळीवर, आणि ऑर्किड त्याच मांडणीच्या वरच्या फळीवर. रोज संध्याकाळी दोन तास सराव असतो. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, झाडांना मोठा आवाज सोसत नाही.

काल मुलाने गळलेल्या कळ्या बघितल्या आणि विचारलं, "आई, मी वाजवणं बंद करू का?" त्याचा चेहरा बघून मला काही बोलता आलं नाही. त्याला खरं उत्तर देता यावं म्हणून हा धागा. जाणकारांनी मदत करावी.

---

सारंगवाट (शनिवार, दुपार)

पानोपानी, वाईट वाटलं. आवाजाचा परिणाम होतो हे मी तरी मानतो. अमेरिकेत डेन्व्हरला डोरोथी रिटॅलॅक या बाईंनी झाडांना वेगवेगळं संगीत ऐकवून बघितलं होतं. रॉक ऐकणारी झाडं स्पीकरपासून लांब झुकली आणि कोमेजली, सतार ऐकणारी स्पीकरकडे झुकली. आपल्याकडे अण्णामलाई विद्यापीठात टी. सी. सिंग यांनीही संगीताचे प्रयोग केले होते. आणि जगदीशचंद्र बोसांनी तर झाडांना भावना असतात हे दाखवूनच दिलं.

माझ्या खोलीत सकाळी तासभर तानपुरा चालू असतो आणि तिथली झाडं बाकीच्या घरापेक्षा चांगली आहेत. ॲम्प दुसऱ्या खोलीत हलवा आणि थोडे दिवस झाडाजवळ शांत काहीतरी लावून बघा.

---

हरितद्रव्य (शनिवार, संध्याकाळ)

मी वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

रिटॅलॅक यांचे प्रयोग १९७३ साली पुस्तकरूपाने आले आणि जगभर गाजले. पण ते वाचताना खटकतं ते हे, की प्रत्येक गटात झाडं मोजकीच होती, आणि प्रत्येक पेटीतला उजेड, ओलावा, पाणी अगदी सारखं होतं याची खातरी देता येत नाही. चार-सहा झाडांतलं एखादं मुळातच अशक्त असेल तर सगळा निष्कर्ष एका बाजूला कलतो. झाड उजेडाकडे झुकतं हे आपण सगळे रोज बघतो. ते सतारीकडे झुकलं असं म्हणायचं तर उजेडाचा वाटा आधी वजा करावा लागतो.

बोसांबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांच्या नावावर भलतं काही जमा होऊ नये असं वाटतं. स्पर्श, उष्णता, रसायनं, विजेचा धक्का यांना वनस्पती कसा प्रतिसाद देतात ते त्यांनी मोजलं. वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला. आवडनिवड किंवा संगीताची गोडी हा त्या मोजमापाचा विषय नव्हता.

आता खरी गंमत ऐका. त्याच १९७३ साली मॉर्डेकाय जॅफी या शास्त्रज्ञाने दुसरं काही दाखवलं. रोज एकदोनदा, दहाएक सेकंद खोडाला हलकेच चोळलं तरी कित्येक झाडांची उंची वाढणं मंदावतं. त्या झाडांची खोडं आखूड आणि जाड होतात. वाऱ्यावरची झाडं बुटकी नि दणकट का असतात याचं उत्तर यात आहे. पुढे १९९० मध्ये जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस यांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यावर फवारणीचे प्रयोग केले. वाढीच्या संप्रेरकाशी तुलना करायला म्हणून नुसतं पाणी फवारलं, तर त्यानेही काही जनुकं अर्ध्या तासाच्या आत कित्येक पट जागी झाली. कारण होतं थेंबांचा स्पर्श. त्या जनुकांना नावच ‘टच’ जनुकं पडलं.

म्हणजे हलणं, घासणं, वाकणं हे झाडाला नक्की कळतं. सूर आणि ताल कळतो असा पुरावा नाही. तुमच्या मांडणीवर यातलं काय पोचतंय ते आधी शोधा, मगच मुलाला उत्तर द्या.

---

ओलीमाती (शनिवार, रात्र)

वाचतेय. माझं झाड टीव्हीशेजारी आहे, आता धास्ती वाटू लागली.

---

ध्वनिलहर (रविवार, सकाळ)

माझं कामच आवाजाचं आहे, म्हणून थोडे आकडे देतो. कंटाळा आला तर शेवटच्या परिच्छेदावर जा.

साधं बोलणं सुमारे ६० डेसिबल. कानाला चांगलाच मोठा वाटेल असा आवाज ९४ डेसिबलचा धरू. त्या वेळी हवेचा दाब किती वरखाली होतो? फक्त १ पास्कल. झाडाच्या पेशी ज्या दाबाने फुगलेल्या असतात, ज्यामुळे पान टणक राहतं, तो दाब काही लाख पास्कल असतो. गाडीच्या टायरमधल्या हवेइतका किंवा त्याहून जास्त. त्याच्यापुढे १ पास्कल म्हणजे काहीच नाही.

बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झचा. हवेत त्याची एक लाट आठ मीटरहून लांब होते. ९४ डेसिबलला त्या सुरामुळे हवेचे कण जागच्या जागी हलतात ते साधारण एक शतांश मिलिमीटर. पंखा मंद फिरत असताना पानं याच्या शेकडो पट हलतात आणि त्यात त्यांचं भलंच होतं. हवेतून येणाऱ्या आवाजाने कळ्या गळल्या, हे मला पटत नाही.

पण ॲम्प आणि कुंडी एकाच मांडणीवर आहे, हे वाचलं आणि थांबलो. ॲम्पची पेटी मांडणीवर टेकलेली असते, ती थेट लाकूड हलवते. प्रत्येक फळीचा स्वतःचा एक सूर असतो. तो लागला की फळी मधोमध चांगलीच नाचते. कुंडी नेमकी मध्यावर असेल तर तिला सगळ्यात जास्त हादरा बसतो. तेव्हा हे करा: पसरट ताटलीत काठोकाठ पाणी घ्या, कुंडीच्या जागी ठेवा, मुलाला रोजच्यासारखं वाजवायला सांगा. पाण्यावर बारीक जाळी उमटली तर फळी हलतेय. मग तीच ताटली खोलीत दुसरीकडे, स्वतंत्र स्टुलावर ठेवून बघा.

आणि एक, झाडापेक्षा महत्त्वाचं. ८५ डेसिबलला रोज आठ तासांपर्यंत कानांना चालतं असं धरतात, पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. मुलाला कानात घालायचे चांगले बोळे आणून द्या. झाडाला नवी कळी येते, कानातल्या पेशी परत येत नाहीत.

---

मुळांकुर (रविवार, दुपार)

ध्वनिलहर यांच्या शेवटच्या ओळीला दोन्ही हातांनी अनुमोदन.

मी वीसेक वर्षं ऑर्किड सांभाळतेय. पानोपानी ताई, पहिला प्रश्न: खालचं पान धरून झाड अलगद हलवून बघा. कुंडी जागेवर राहून झाड डुलतंय का?

हे विचारायचं कारण, फॅलेनॉप्सिस मुळात झाडांच्या फांद्यांना घट्ट चिकटून वाढणारं. फांदी वाऱ्याने कितीही हलली तरी मूळ आणि साल बरोबर हलतात, त्यांच्यात घासाघीस होत नाही. कुंडीत मात्र सालीचे सुटे तुकडे असतात. झाड सैल बसलेलं असेल तर प्रत्येक हादऱ्याला मुळं त्या खरबरीत तुकड्यांवर घासतात. जुन्या मुळावर वेलामेनचं पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. टोकाचा हिरवा, चकचकीत भाग उघडाच. तो इतका नाजूक की नख लागलं तरी काळा पडतो, आणि त्या मुळाची लांबी तिथेच थांबते. मुळं थांबली की पाणी कमी पोचतं, आणि झाड सर्वांत आधी खर्च कमी करतं ते कळ्यांवरचा. पानं हिरवीगार दिसत असतात आणि कळ्या गळतात, कारण जाड पानांत साठा असतो, कळीत नसतो.

पण एवढ्यावर हादऱ्यांना दोषी ठरवू नका. कळ्या गळायला हीसुद्धा कारणं असतात: कोरडी गरम हवा, थेट अंगावर येणारा एसीचा झोत, कळ्या असताना कुंडीची जागा किंवा दिशा बदलणं, कमी उजेड, पाणी फार लांबणं किंवा फार होणं, आणि जवळ पिकणारी फळं. फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याला ऑर्किडच्या कळ्या फार लवकर बळी पडतात. एका खोलीत फळांची टोपली आणि कळ्यांवरचं ऑर्किड मी कधीच ठेवत नाही.

आणि ॲम्प तापतो. तुमचा खालच्या फळीवर आहे. गरम हवा वरच जाणार.

---

सारंगवाट (रविवार, संध्याकाळ)

बोसांबद्दलची दुरुस्ती मान्य. मी ते ऐकीव लिहिलं होतं.

पण हरितद्रव्य, झाडांना आवाज कळतच नाही असं म्हणता येईल का? मधमाशीचा गुणगुणाट ऐकून फुलाने मध गोड केला, असं वाचल्याचं आठवतं.

---

हरितद्रव्य (रविवार, रात्र)

बरोबर आठवतंय, आणि ते काम चांगलं आहे. तेल अवीव विद्यापीठात लिलाख हदानी यांच्या गटाने २०१९ साली ते प्रसिद्ध केलं. समुद्रकाठच्या इव्हिनिंग प्रिमरोझच्या फुलांना मधमाशीच्या उडण्याचा आवाज ऐकवला, तर तीन मिनिटांत त्यांच्या मकरंदातली साखर वाढली. जास्त उंच पट्टीच्या आवाजाला फुलांनी दाद दिली नाही. फुलाच्या पाकळ्याच त्या सुराबरोबर थरथरत होत्या.

याहून माझ्या आवडीचं काम २०१४ चं, मिसुरी विद्यापीठातल्या हायडी ॲपेल आणि रेक्स कोक्रॉफ्ट यांचं. अळी पान कुरतडते तेव्हा पानात जी कंपनं उठतात ती त्यांनी लेझरने नोंदवली. मग अळी नसताना तीच कंपनं दुसऱ्या रोपांच्या पानांना दिली. पुढे त्या रोपांवर खरी अळी सोडली, तर त्यांनी न ऐकलेल्या रोपांपेक्षा जास्त तिखट, संरक्षक रसायनं तयार केली. वाऱ्याची कंपनं दिली तेव्हा तसं झालं नाही, दुसऱ्या एका कीटकाच्या गाण्याची दिली तेव्हाही नाही. पान अळीचं कुरतडणं वाऱ्यापासून वेगळं ओळखतं, यावर मी वर्गात आले की दर वर्षी पाच मिनिटं जास्त बोलते.

टोमॅटोच्या फुलाचंही असंच. त्याचे परागकण नळीसारख्या परागकोशात असतात. भुंगा फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतो तेव्हा ते टोकाच्या भोकातून झडतात. म्हणजे कंपन हा झाडांच्या जगण्याचा भाग आहे. पण त्यांच्या लेखी महत्त्वाची कंपनं ती, जी लाखो वर्षं त्यांच्या अंगावर येत आली: माशी, अळी, वारा, पाऊस. बेस गिटारला त्यांच्याकडे वेगळा अर्थ नाही. तुमच्या तानपुऱ्याच्या खोलीत तुम्ही रोज तासभर बसता, सारंगवाट. तिथल्या झाडांची पानं पुसली जातात, माती तपासली जाते, कीड लवकर दिसते. मला वाटतं, त्यांची तब्येत त्यातून आलीय.

---

सारंगवाट (रविवार, रात्र)

हे मात्र खरं. बसल्या बसल्या वाळलेली पानं मीच काढत असतो. याचा विचार केला नव्हता.

---

कोवळीपालवी (सोमवार, सकाळ)

माझा अनुभव. फ्रिजवर एक नेचे ठेवलं होतं, मातीच्या छोट्या कुंडीत. फ्रिजची मोटर सुरू झाली की कुंडीखालची बशी बारीक किणकिणायची, तिकडे मी लक्ष दिलं नाही. आठवड्यातून एकदा मला वाटायचं, कुंडी कडेला कोणी आणून ठेवली? घरातले एकमेकांवर ढकलायचे. एका रात्री ती खाली येऊन फुटली. नंतर तिथे रिकामी बशी ठेवून भोवती पेन्सिलीने रेघ आखली. चार दिवसांत बशी रेघेच्या बोटभर पुढे होती. कोणी हलवत नव्हतं, थरथरीने तीच चालत होती.

ताई, तुमची कुंडी कडेपासून किती लांब आहे ते आजच बघा.

---

पानोपानी (सोमवार, रात्र)

सगळ्यांचे आभार. आज आम्ही दोघांनी मिळून सगळं करून बघितलं.

ताटली ठेवली. वरच्या तारांवर वाजवताना पाणी स्थिर. जाड तारेवर आला, तरी फार काही नाही. मग त्याच तारेवर तो एकेक पट्टी वर सरकत गेला आणि एका ठिकाणी पाण्यावर अचानक बारीक चौकड्या उमटल्या, माशाच्या खवल्यांसारख्या. कडेने थेंब उडाले. तो सूर सोडला की पाणी पुन्हा काचेसारखं. सध्या बसवत असलेल्या तुकड्यात तोच सूर सारखा येतो, असं तो म्हणाला. ताटली खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवली तर त्याच सुराला काहीही नाही, आवाज तेवढाच असून.

मुळांकुर ताई, झाड डुलतंय. कुंडी धरली आणि पान हलवलं तर बुंधा चांगला बोटभर फिरतो. मला हे चार वर्षांत कळलं नव्हतं.

तापमापकही लावला. खोलीत २७ अंश, आणि दीड तास वाजवल्यावर कुंडीच्या मागे, ॲम्पची गरम हवा वर येते तिथे ३४. फळं त्या खोलीत नसतात. कुंडी कडेपासून लांब आहे, सुदैवाने.

आता कळ्या आहेत तोवर कुंडी बदलू का?

---

मुळांकुर (सोमवार, रात्र)

अजिबात नको. उरलेल्या दहाही गळतील. झाड नुसतं घट्ट करा. कुंडीच्या काठाला अडकणारी तार मिळते, नाहीतर दोन पातळ काठ्या कडेने आत खोवून बुंध्याला मऊ सुतळीने आठच्या आकड्यात बांधा, काचेल इतकं घट्ट नको. आणि झाड हलवू नका, ॲम्प हलवा! कळ्यांनी आत्ताच्या उजेडाकडे तोंड वळवलंय, ते बदललं तर त्या मान पिळतात. ॲम्प जमिनीवर, जाड रबराच्या किंवा फोमच्या तुकड्यावर, मांडणीला न टेकवता.

---

ध्वनिलहर (मंगळवार, सकाळ)

हेच लिहिणार होतो. फोम इतका मऊ हवा की ॲम्पच्या वजनाने थोडा दबेल, पण चपटा होणार नाही. नंतर ताटलीची चाचणी पुन्हा करा, त्याच सुरावर.

---

ओलीमाती (मंगळवार, दुपार)

आणि माझं टीव्हीशेजारचं झाड?

---

मुळांकुर (मंगळवार, दुपार)

राहू द्या तिथेच. टीव्हीच्या आवाजाने काही होत नाही, उजेड पुरतोय ना तेवढं बघा. काळजी घ्यायची ती नुकत्याच लावलेल्या छाटाची आणि नव्या कुंडीत गेलेल्या रोपांची. त्यांची मुळं अजून रुजायची असतात, हलली की तुटतात. ती वॉशिंग मशीन, फ्रिज, वूफर यांच्यावर नकोत.

---

पानोपानी (तीन आठवड्यांनी)

ॲम्प जमिनीवर गेला, झाड बांधलं. ताटलीत आता त्या सुराला जेमतेम एखादं वर्तुळ दिसतं. त्यानंतरच्या पाच दिवसांत आणखी दोन कळ्या गळल्या, त्या आधीच पिवळ्या पडू लागल्या होत्या. मग थांबलं. आठ उरल्या आणि आज सकाळी तिसरी उमलली. मुलगा त्याच खोलीत, तेवढाच वेळ वाजवतोय, कानात बोळे घालून.

---

हरितद्रव्य (तीन आठवड्यांनी)

वाचून फार बरं वाटलं. मात्र हादरा, सैलपणा आणि उष्णता तुम्ही एकाच दिवशी दूर केलीत, त्यामुळे तिघांपैकी कोणी किती कळ्या खाल्ल्या ते सांगता येणार नाही. कळ्या वाचवायच्या होत्या, तेव्हा केलंत ते योग्यच. फुलं संपल्यावर कुंडी बदलाल तेव्हा मुळं बघून लिहा.

---

पानोपानी (साडेचार महिन्यांनी)

धागा वर काढतेय. शेवटचं फूल मागच्या आठवड्यात गळलं आणि काल कुंडी बदलली.

पारदर्शक कुंडी उलटी केली तर वरचे सालीचे तुकडे मोकळे आणि तळाला दोन बोटं ओला भुसा, घट्ट बसलेला. सालीचा चुरा सगळा खाली जमला होता. त्यातली चार मुळं मऊ पडून पोकळ झाली होती, ती कापली. मधल्या भागातली मुळं बघितली तर सहा ठिकाणी टोक वाळून तपकिरी झालेलं, आणि त्याच्या जरा मागून नवा फाटा फुटलेला.

---

ध्वनिलहर (साडेचार महिन्यांनी)

तळाशी जमलेल्या चुऱ्याचं कारण हादरे असू शकतात. सुट्या तुकड्यांचं मिश्रण हलत राहिलं की बारीक कण फटींतून खाली उतरतात आणि मोठे वर राहतात. धान्य सुपात हलवलं की होतं तेच.

---

मुळांकुर (साडेचार महिन्यांनी)

हो, पण साल दोन वर्षांत आपणहून कुजते आणि चुरा होतोच. चार वर्षं कुंडी बदलली नव्हती का? मग चुऱ्याचा मूळ दोष जुन्या सालीचा, हादऱ्यांनी तो तळाला नेऊन बसवला असेल. इथून पुढे दर दोन वर्षांनी बदला. आणि ते मागून फुटलेले फाटे फार चांगली खूण आहे, झाड सावरलंय.

---

पानोपानी (साडेचार महिन्यांनी)

चार वर्षं बदलली नव्हती, ही चूक माझीच. आता नवी साल, थोडा कोळसा, आणि झाड तारेने पक्कं बसवलंय.

एक फाटा कुंडीच्या काचेसारख्या बाजूला अगदी चिकटून खाली चाललाय, टोक हिरवं, किंचित तांबूस. मुलाने बाहेरून मार्करने आजची तारीख आणि एक बारीक रेघ काढली आहे. दर रविवारी सरावाआधी तिथे पट्टी लावून मोजायचं, असं त्याने स्वतःच ठरवलंय. आजचं माप २२ मिलिमीटर.